सर्व्हर कुणाच्या ताब्यात? ऑनलाइन खेळांच्या इतिहासातील एक जुना तंटा

३० नोव्हेंबर २०१२. 'सिटी ऑफ हीरोज' या ऑनलाइन खेळाची ती शेवटची रात्र. पॅरागॉन सिटी या काल्पनिक महानगरातल्या ॲटलस पार्क नावाच्या चौकात, भव्य पुतळ्याखाली, खेळाडूंची पात्रे दाटीवाटीने उभी होती. कुणी निरोपाचे संदेश टाइप करत होते, कुणी आपल्या पात्राची शेवटची छायाचित्रे जपून ठेवत होते. ठरलेली वेळ झाली आणि सर्व्हर बंद झाले. पडद्यावर उरली ती संपर्क तुटल्याची सूचना.

खेळाडूंनी विकत घेतलेल्या डिस्क त्यांच्या कपाटात जशाच्या तशा होत्या. संगणक चालू होते, इंटरनेट चालू होते. तरीही एप्रिल २००४ मध्ये वसलेले ते शहर त्या रात्री नाहीसे झाले, कारण ते डिस्कवर कधी नव्हतेच. ते दक्षिण कोरियातील एनसीसॉफ्ट कंपनीच्या सर्व्हरवर होते, आणि कंपनीने ते बंद करण्याचा निर्णय तीन महिने आधी, ऑगस्टच्या अखेरीस, जाहीर केला होता.

याच्याही आठ वर्षे आधी, १९९६ साली, आलेला 'क्वेक' मात्र आजही खेळला जातो. त्याचे सर्व्हर हौशी लोक चालवतात आणि त्यासाठी कुणाची परवानगी काढावी लागत नाही. दोन खेळांच्या नशिबांत एवढे अंतर का पडले, याचा शोध घेताना एका फारशा न लिहिल्या गेलेल्या इतिहासापाशी येऊन पोहोचावे लागते.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. एक खेळाडू लंडनमध्ये, दुसरा न्यूयॉर्कमध्ये. दोघे एकाच क्षणी एकमेकांवर गोळी झाडतात आणि प्रत्येकाच्या पडद्यावर आपलीच गोळी आधी लागलेली दिसते. निवाडा कुणी करायचा? तो करणारा तिसरा संगणक म्हणजे सर्व्हर. कोण कुठे उभे आहे, कुणाकडे किती गोळ्या उरल्या आहेत, दार उघडे आहे की बंद, याची अधिकृत नोंद त्याच्यापाशी असते. खेळाडूच्या घरचा संगणक त्या नोंदीचे चित्र तेवढे काढतो. खेळाचे न्यायासन आणि खेळाचे दफ्तर दोन्ही एकाच यंत्रात. ते यंत्र ज्याच्या ताब्यात, खेळाचे आयुष्यही त्याच्याच ताब्यात.

प्रारंभी हे यंत्र विद्यापीठांचे होते. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' हा खेळ लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टल याने तो पूर्णत्वास नेला. त्यात चित्रे नव्हती, सारे जग शब्दांचे. पीडीपी-१० जातीचा विद्यापीठाचा संगणक दिवसा अभ्यासाच्या कामात गुंतलेला असे. बाहेरच्या हौशी लोकांना रात्री उशिरा, यंत्र मोकळे असताना, मोडेमवरून आत येण्याची मुभा मिळे. ऑनलाइन खेळांची ही आद्य वस्ती अशी परक्याच्या यंत्रावर, उरलेल्या वेळात वसली.

१९९०-९१ च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठातील पाच विद्यार्थ्यांनी 'डिकूमड' रचला आणि त्याचा सोर्स कोड मागेल त्याला दिला. मुख्य अटी दोनच: यातून नफा कमवायचा नाही, आणि खेळात शिरताना मूळ कर्त्यांची नावे दिसली पाहिजेत. कोड हाती आल्यावर कुणीही आपले जग उभारू शकत होता, आणि पुष्कळांनी ते उभारलेही. १९९९ चा व्यावसायिक 'एव्हरक्वेस्ट' या डिकूशी इतका मिळताजुळता होता की त्यात कोडच उचलला असावा असा प्रवाद उठला. कर्त्यांनी तो नाकारणारे प्रतिज्ञापत्र दिले तेव्हा कुठे तो शमला. फुकट वाटलेल्या एका विद्यार्थी-प्रकल्पाची सावली बाजारावर किती लांब पडली होती, याचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

पण सर्व्हर हौशी माणसाच्या हाती असला म्हणजे तेथे रामराज्य नांदते असे मुळीच नाही. कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात पॅव्हेल कर्टिस याने १९९० मध्ये 'लॅम्डामू' ही शब्दांची वसाहत सुरू केली. तिथले सर्वाधिकारी 'विझर्ड' म्हणवले जात. खेळाडूंच्या भांडणांचे निवाडे करून ते कंटाळले, आणि डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिसने जाहीर केले की विझर्ड यापुढे केवळ यंत्र सांभाळतील, समाजाचे प्रश्न समाजाने सोडवावेत.

काही महिन्यांतच या निर्णयाची परीक्षा झाली. एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर, त्यांच्या मर्जीविरुद्ध, शब्दांतून लैंगिक अत्याचाराचे प्रसंग लादले. वसाहत हादरली. शिक्षा द्यायची तर ती कुणी, कोणत्या नियमाने? सभा भरली, वाद झाले, निर्णय काही होईना. अखेर एका विझर्डने स्वतःच्या जबाबदारीवर त्या खेळाडूचे खाते नष्ट केले. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने डिसेंबर १९९३ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये या प्रकरणावर लिहिलेला दीर्घ लेख आजही अभ्यासला जातो. त्यानंतर कर्टिसने अर्ज आणि मतदान यांची रीतसर पद्धत आणली. तीही पुरी पडली नाही. १९९६ मध्ये विझर्डांनी सत्ता पुन्हा हाती घेतली, आणि प्रामाणिकपणे मान्य केले की तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय वेगळे काढताच येत नाहीत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ग्रंथांत वाचावा असा सगळा प्रवास एका संगणकावर चार वर्षांत घडून गेला होता.

त्याच १९९६ च्या जून महिन्यात टेक्सासमधील इड सॉफ्टवेअरने 'क्वेक' आणला. या खेळासोबत सर्व्हर चालवण्याचा प्रोग्रामही खेळाडूंना मिळाला. ज्याच्यापाशी बरा संगणक आणि वेगवान जोडणी, तो सर्व्हरचा धनी. डिसेंबरमध्ये जॉन कार्मॅकने 'क्वेकवर्ल्ड' ही सुधारित आवृत्ती काढली. मूळ क्वेकमध्ये मोडेमवरच्या खेळाडूने कळ दाबली की तो संदेश सर्व्हरकडे जाऊन उत्तर येईपर्यंत पात्र जागचे हलत नसे. क्वेकवर्ल्डमध्ये घरचा संगणक उत्तराची वाट न पाहता आपल्या हालचालीचा अंदाज बांधून पुढे सरके आणि सर्व्हरचा निर्णय आल्यावर चूक दुरुस्त करी. आज प्रत्येक नेमबाजीच्या ऑनलाइन खेळात ही युक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात असते.

सर्व्हरचा प्रोग्राम लोकांच्या हाती गेल्याने घडलेली मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे. हौशी मंडळी मूळ खेळ बदलून नवे खेळ, म्हणजेच 'मॉड', बनवू लागली. मॉड लिहिणे हे निम्मेच काम. तो चालवायला रंगमंच हवा. कंपनीच्या सर्व्हरवर कुणा अनोळखी पोराच्या प्रयोगाला जागा कोण देणार? ती जागा खेळाडूंच्या सर्व्हरांनी दिली. ऑस्ट्रेलियातील तीन तरुणांचा 'टीम फोर्ट्रेस' असाच क्वेकच्या अंगणात वाढला. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'साठी मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी जून १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' या मॉडची पहिली चाचणी-आवृत्ती सोडली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००० मध्ये, व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतःचा खेळ म्हणून बाजारात आणला. मधल्या सतरा महिन्यांत त्याला जगवले ते भाड्याच्या, कॉलेजांच्या आणि घरगुती यंत्रांवरील सर्व्हरांनी.

भारतीय वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. २००० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेंत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत काउंटर-स्ट्राइकचे जे सामने रंगत, त्यांचा सर्व्हर बहुधा त्याच जागेतल्या एखाद्या संगणकावर चाले. बाहेरचे इंटरनेट मंद असो की बंद, खेळ अडत नसे. यामागे भूगोलही होता. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेश जाऊन परत यायला किमान ७२ मिलिसेकंद निसर्गच खातो, आणि केबलचे वळसे धरले तर प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. ज्या प्रदेशात कंपनीला सर्व्हर ठेवणे परवडत नव्हते, तिथल्या खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर ही चैन नव्हती, गरज होती.

अर्थात या सर्व्हरांवर मालकांची लहर चाले. मालकाला हरवले म्हणून हकालपट्टी झाल्याच्या तक्रारी जुन्या खेळाडूंकडे आजही भरपूर ऐकायला मिळतील. मात्र अशा वेळी दुसऱ्या सर्व्हरवर निघून जाण्याची वाट मोकळी असे. सर्व्हरांच्या यादीत नाव, नकाशा, खेळाडूंची संख्या आणि पिंग दिसे. माणसे हळूहळू तीन-चार ठरावीक ठिकाणी स्थिरावत, रोज तीच नावे भेटत, आणि त्यातून ओळखी जमत.

दुसरीकडे एक निराळी परंपरा आकार घेत होती. सप्टेंबर १९९७ चा 'अल्टिमा ऑनलाइन' आणि १९९९ चा 'एव्हरक्वेस्ट' यांत हजारो लोक एका अखंड जगात राहत आणि त्यासाठी दरमहा शुल्क भरत. इथे सर्व्हरचा प्रोग्राम कंपनीच्या दाराबाहेर पडतच नसे. तो दिला असता तर शुल्क कशाचे घेणार? व्यवहार म्हणून यात गैर काही नव्हते. मात्र अशा जगाचा मृत्यू कंपनीच्या जमाखर्चाला बांधला गेला.

मग काहींनी सर्व्हर नव्याने घडवायला घेतला. पद्धत चिकाटीची होती. खेळाडूचा संगणक आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यात जाणारे-येणारे संदेश टिपायचे, कोणत्या संदेशाला कोणते उत्तर येते ते मांडायचे, आणि तशीच उत्तरे देणारा प्रोग्राम स्वतः लिहायचा. न पाहिलेल्या माणसाचे चित्र त्याच्या पत्रव्यवहारावरून काढण्यासारखे हे काम. राक्षस किती वेळाने पुन्हा उगवतो, कोणत्या शत्रूकडे कोणती तलवार सापडते, हे सर्व्हरवरचे ज्ञान तर खेळाडूंच्या आठवणींतून आणि जुन्या चित्रफितींतून जुळवावे लागे.

ब्लिझार्डच्या 'बॅटल.नेट' सेवेसारखी सेवा देणारा 'बीनेटडी' हा प्रकल्प १९९८ मध्ये असाच सुरू झाला. कंपनीचे म्हणणे होते की हा सर्व्हर खेळाची अस्सल प्रत तपासत नाही, त्यामुळे चोरीच्या प्रतीही त्यावर चालतात. या आक्षेपात तथ्य होते. प्रकल्पवाल्यांचे म्हणणे, त्यांना ती तपासणी करण्याचे साधन कंपनीने दिलेच नाही. तेही खरे होते. २००२ मध्ये खटला उभा राहिला आणि सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सर्व्हरची नक्कल करणे यापुढे हौस राहिले नाही, जोखीम झाली. शिवाय सगळेच नकलाकार निरिच्छ नव्हते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची नक्कल चालवून खेळातल्या वस्तू पैसे घेऊन देणाऱ्या एका सर्व्हरच्या चालकावर २०१० मध्ये न्यायालयाने ८ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक रकमेचा हुकूमनामा केला.

क्वेकची परंपराही याच सुमारास आटू लागली. २००९ मध्ये 'मॉडर्न वॉरफेअर २' आला तेव्हा संगणकावरील खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर चालवण्याची सोय काढून घेतली होती. निषेधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या, खेळ तरीही धडाक्यात खपला. २०१४ मध्ये गेमस्पाय ही सर्व्हरांची यादी पुरवणारी जुनी सेवा बंद झाली आणि डझनावारी खेळांचे सर्व्हर चालू असूनही खेळाडूंना दिसेनासे झाले. पत्ता सांगणारा पोस्टमनच गेला. अनेक खेळांसाठी पर्यायी यादी खेळाडूंनीच उभी केली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने सर्वाधिक लक्ष द्यावे असे प्रकरण 'नॉस्टॅलरियस'चे आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये सुरू झाला आणि कंपनी त्याला सतत बदलत गेली. डिसेंबर २०१० च्या 'कॅटॅक्लिझम' या विस्ताराने तर मूळ भूप्रदेशच उलथापालथा केला. २००४ चे ते जग आता जगात कुठेही अधिकृतपणे पाहता येत नव्हते. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की जुनी ग्रंथालयात उरते. इथे नवी आली की जुनी पुसली जात होती.

फ्रान्समधील काही स्वयंसेवकांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये ते जुने जग पुन्हा उभे केले. त्यांच्याच आकडेवारीनुसार वर्षभरात ८ लाख खाती उघडली गेली आणि सुमारे दीड लाख लोक सक्रिय होते. एप्रिल २०१६ मध्ये ब्लिझार्डच्या वकिलांची नोटीस आली आणि १० एप्रिलला त्यांनी सर्व्हर बंद केला. लाखोंच्या सह्यांचा अर्ज कंपनीच्या प्रमुखाकडे गेला. जूनमध्ये एक दुर्मीळ गोष्ट घडली: ज्यांना नोटीस बजावली होती त्याच चमूला कंपनीने कॅलिफोर्नियातील मुख्यालयात चर्चेसाठी बोलावले.

याच कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१३ च्या मेळाव्यात, जुना खेळ हवा असे लोकांना वाटते पण प्रत्यक्षात तो त्यांना नको आहे, अशा आशयाचे उत्तर दिले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच मेळाव्याच्या मंचावरून त्याच अधिकाऱ्याने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक'ची घोषणा केली. ऑगस्ट २०१९ मध्ये तो खेळ सुरू झाला तेव्हा प्रवेशासाठी तासन्‌तास रांगा लागल्या. बेकायदा ठरलेल्या सर्व्हरने मागणीचा पुरावाच तयार करून ठेवला होता.

कायदा याबाबत सावकाश चालतो आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०१८ मध्ये ग्रंथालये, अभिलेखागारे आणि संग्रहालयांना बंद पडलेले ऑनलाइन खेळ जतन करण्यासाठी सवलत दिली. ओकलंडच्या एका छोट्या संग्रहालयाने त्यासाठी पाठपुरावा केला होता. पण सर्व्हरचा कोड संस्थेकडे कायदेशीर मार्गाने आलेला हवा, आणि खेळ संस्थेच्या वास्तूबाहेर उपलब्ध करता कामा नये, अशा अटी आहेत. कोड द्यायला कंपनी बांधील नाही. म्हणजे कुलूप उघडायला परवानगी, पण किल्ली मागायची सोय नाही.

३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने 'द क्रू' हा २०१४ चा मोटार-शर्यतीचा खेळ बंद केला. एकट्याने खेळतानाही त्याला कंपनीचा सर्व्हर लागे, त्यामुळे विकत घेतलेली प्रत निरुपयोगी ठरली. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली, आणि युरोपीय संघाच्या नागरिक-पुढाकार अर्जावरील सह्यांनी जुलै २०२५ मध्ये १० लाखांचा टप्पा ओलांडला. कंपन्यांनी सर्व्हर अनंतकाळ चालवावेत अशी त्यांची मागणी नाही. खेळ बंद करताना तो खेळण्याजोग्या अवस्थेत सोडावा, एवढीच आहे. क्वेकच्या खरेदीदाराला हे १९९६ मध्ये न मागता मिळाले होते.

आता पुन्हा ॲटलस पार्ककडे. २०१२ नंतर सिटी ऑफ हीरोजचे चाहते सहा वर्षे शोक करत राहिले, काही जण त्या धर्तीचे नवे खेळ रचू लागले. एप्रिल २०१९ मध्ये भांडे फुटले. खेळाचा मूळ सर्व्हर-कोड खेळ बंद पडल्यानंतर काही जणांच्या हाती लागला होता, आणि निवडक लोकांसाठी एक गुप्त सर्व्हर कित्येक वर्षे चालू होता! आत असलेल्यांना बाहेर अवाक्षर काढायची बंदी होती. आपण जे गमावले असे समजत होतो ते शेजारच्याच खोलीत जिवंत होते, हे कळल्यावर बाहेरच्यांचा संताप अनावर झाला. गुप्तता पाळली नसती तर कंपनीने तत्काळ कारवाई केली असती, असा चालकांचा बचाव होता. तो सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. तरीही सर्वांच्या आठवणींचा ठेवा मूठभरांनी दाबून ठेवला हा डाग त्याने पुसला जात नाही. कंपनीचा एकाधिकार गेला, तर त्याच्या जागी छोट्या टोळीचा आला होता.

दबाव असह्य झाल्यावर त्याच महिन्यात कोड जाहीरपणे खुला झाला. काही आठवड्यांत अनेक सर्व्हर उभे राहिले. त्यांतल्या 'होमकमिंग' या गटाने एनसीसॉफ्टशी बोलणी सुरू केली. ती वर्षानुवर्षे रेंगाळली. दरम्यान कंपनीने खटला भरला नाही आणि परवानगीही दिली नाही. अखेर जानेवारी २०२४ मध्ये होमकमिंगला सिटी ऑफ हीरोज चालवण्याची अधिकृत सनद मिळाली. स्वामित्व कंपनीकडेच राहिले आणि चालवणे खेळाडूंकडे आले.

होमकमिंगवर खेळायला शुल्क नाही. सर्व्हरच्या भाड्यापुरती वर्गणी खेळाडूंकडून मागितली जाते, आणि लागणारी रक्कम जमली की वर्गणीची खिडकी बंद होते.